परिपूर्णता आणि पायातला खडा

स्वर्गीय पित्याप्रमाणे परिपूर्ण होण्याची प्रभू येशूची आज्ञा (मत्तय ५:४८) वाचून अनेक भाविक धास्तावतात. परंतु शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्द 'तेलेइओस' याचा अर्थ पूर्ण वाढ झालेला, आपल्या ध्येयास पोहोचलेला असा आहे. शिवाय ही आज्ञा वैऱ्यांवर प्रीती करण्याच्या शिकवणुकीच्या शेवटी येते. संत लूकने तर तिथे दयेचाच शब्द योजला आहे (६:३६). म्हणजे येथे प्रश्न निर्दोषतेचा नसून प्रीतीच्या विस्ताराचा आहे.

हा फरक न कळल्यास काय होते, हे लोयोलाचे संत इग्नाती यांच्या चरित्रात दिसते. १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने जखमी झालेला हा सरदार संतचरित्रे वाचून पेटून उठला. संत फ्रान्सिस व संत डॉमिनिक यांनी जे केले, ते आपणही करायचेच! मोन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस घेऊन संपूर्ण आयुष्याचे लेखी पापनिवेदन केले. तरीही १५२२ साली मानरेसा येथे, काही सांगायचे राहिले असेल, या शंकेने त्यांना पछाडले. ते पुन्हापुन्हा पापनिवेदन करीत; समाधान मात्र नाही. जीव द्यावा, असा मोहही त्यांना झाला. अखेर त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा दिली. ती त्यांनी पाळली. पुढे जुनी पापे पुन्हा न उगाळण्याचा निश्चय त्यांनी केला; वैराग्यापोटी वाढविलेले केस व नखेही कापू लागले.

अशा शंकेला लॅटिनमध्ये 'स्क्रुपुलुस' म्हणतात, म्हणजे टोकदार बारीक खडा. पादत्राणात शिरलेला हा खडा चालणाऱ्याला जागीच खिळवतो. 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात संत इग्नातींनी याविषयी स्वतंत्र सूचना दिल्या आहेत. सैतान कोमल मनाला अधिकच कोमल करून छळतो, हे त्यांचे निरीक्षण अनुभवाचे आहे.

प्रायश्चित्तकाळात क्षमा मिळालेले तेच पाप घेऊन वर्षानुवर्षे येणारी माणसे आम्हा धर्मगुरूंना भेटतात. 'फादर, नीट सांगितले गेले ना?' त्यांना आम्ही एकच धर्मगुरू निवडून त्यांचे ऐकण्यास सांगतो. हीच शंका झोप, काम, घरातील बोलणे ग्रासू लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही. पापक्षमेचे शब्द एकदा उच्चारले की पाप खरोखर क्षमा झालेले असते. त्याची पुन्हा पडताळणी करण्याचे काम ख्रिस्तसभेने कोणावरही सोपविलेले नाही.