चित्रं विकून प्राण्यांना मदत करायचीय? आधी 'किती?' याचं उत्तर तयार ठेवा



तीन वर्षांपूर्वी मी माझ्या फ्रेमच्या दुकानात वाघ-बिबट्यांच्या चित्रांची कॅलेंडरं ठेवली होती. खाली छापलं होतं, 'नफ्यातला काही भाग जखमी प्राण्यांसाठी'. एका काकूंनी कॅलेंडर चाळलं आणि सरळ विचारलं, "अगं, काही म्हणजे किती?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी कॅलेंडर परत ठेवलं. सीझन संपल्यावर हिशोब मांडला, तर नफाच उरला नव्हता! शब्द दिला होता, म्हणून घरातले पैसे घालून देणगी भरली.

त्या दिवसापासून हे गणित नीट शिकायचं ठरवलं. आज तेच तुम्हाला सांगते.

मूळ चित्र एकदाच विकलं जातं

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड हत्ती आणि वाघांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होते. 1973 मध्ये, म्हणजे आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी, त्यांनी 'टायगर फायर' हे वाघाचं चित्र काढलं. त्याच्या मर्यादित प्रिंट्स विकून वाघांसाठी सव्वा लाख पौंडांच्या वर रक्कम उभी राहिली. मेहनत एका चित्राची, विक्री अनेक प्रतींची. पुढे 1984 मध्ये त्यांनी वन्यजीवांसाठी स्वतःची संस्थाच काढली.

पण प्राण्याचा खर्च दर महिन्याचा असतो

केनियात नैरोबीला शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तींचं केंद्र आहे. हत्तीच्या पिल्लाला दर तीन तासांनी दूध लागतं, रात्रीसुद्धा, आणि हे काही वर्षं चालतं. एकदा मोठी देणगी आली म्हणून भागत नाही. म्हणून ते लोकांना एखाद्या पिल्लाचं पालकत्व घ्यायला सांगतात. पालकाला दर महिन्याला पिल्लाची खबरबात मिळते आणि सोबत अँजेला शेल्ड्रिक यांनी काढलेलं जलरंगातलं चित्र. इथे चित्र हा विकायचा माल नाही, नातं टिकवणारा धागा आहे. माणूस पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरतो, कारण 'माझं पिल्लू' कसं आहे हे त्याला कळत असतं.

आपल्याकडेही तेच. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. जे बिबटे परत जंगलात सोडता येत नाहीत, त्यांना आयुष्यभर सांभाळावं लागतं. त्यांना दिवाळीत भूक लागते तशी आषाढातही लागते.

आता आपलं गणित

समजा, एक प्रिंट 400 रुपयांना विकली. (आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही काढा.)

- छपाई: 90
- पॅकिंग: 50
- कुरिअर: 60
- चित्रकाराचं मानधन: 80
- ऑनलाइन पेमेंटचा खर्च: 10
- प्राण्यांसाठी: 60
- दुकानाकडे शिल्लक: 50

देणगी शिल्लक रकमेच्या वर लिहिली आहे, बघितलंत? ती खर्चातच धरायची. म्हणजे 'प्रत्येक प्रिंटमागे 60 रुपये' असं ठणकावून छापता येतं आणि 'किती?' विचारलं की मान खाली जात नाही. आणि चित्रकाराला फुकट राबवू नका. ज्याचं पोट भरत नाही, तो दुसऱ्यांदा चित्र देणार नाही.

सुरू करण्याआधी पाच गोष्टी

1. संस्थेची लेखी परवानगी घ्या. न विचारता कुणाचं नाव किंवा लोगो छापायचा नाही. केंद्र सरकारी असेल तर देणगी कुणाच्या नावाने स्वीकारतात, तेही आधीच विचारा.
2. नेटवरचा फोटो बघून हुबेहूब चित्र काढत असाल तर फोटोग्राफरची परवानगी लागते.
3. मुंगसाच्या केसांचे ब्रश अजिबात वापरू नका. मुंगूस वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. प्राण्यांसाठी चित्र काढायचं आणि ब्रशसाठी प्राणी मारायचा, हे कसं चालेल?
4. ग्राहक वस्तू विकत घेतो, देणगी देत नाही. देणगीची पावती दुकानाच्या नावावर येते. 'तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळेल' असं ग्राहकाला सांगू नका.
5. देणगीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, दर तिमाहीला भरा आणि पावतीची प्रत दुकानात लावा.

गेल्या वर्षी मी पावती काउंटरच्या मागे फ्रेम करून लावली. फ्रेमचंच दुकान ना! आता गिऱ्हाईक चित्राआधी ती पावती वाचतं.

सुरुवात पन्नास प्रिंट्सपासून करा. आज वहीत फक्त एक ओळ लिहा: 'प्रत्येक नगामागे ___ रुपये'. हा आकडा भरता येत नसेल, तर छापखान्यात जाऊ नका. आधी कॉस्टिंग पुन्हा करा.