जलतापक, वायूवर चालणारा

नळातून वाहणारे पाणी साठवून न ठेवता वायूच्या ज्योतीवर तत्काळ तापविणारे घरगुती उपकरण. व्यवहारात यालाच ‘गॅस गिझर’ म्हणतात. त्याचे इंधन बहुधा प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असलेला द्रवरूप खनिज तेल वायू हे असून तो १४·२ किग्रॅ.च्या सिलिंडरातून मिळतो. पाश्चात्त्य देशांतील फिरत्या घरवाहनांमध्ये हवा तापविणाऱ्या प्रोपेनच्या भट्ट्यांचे प्रज्वलन व नियंत्रण पुष्कळसे असेच असते. मात्र त्या भट्ट्या ज्वलनासाठी हवा बाहेरून घेतात व धूरही बाहेरच सोडतात. स्नानगृहातील साध्या जलतापकात ही सोय नसते. त्याचा मुख्य धोका यातूनच उद्भवतो.

कार्य : तोटी उघडली की पाण्याच्या दाबाने एक लवचिक पटल उचलले जाऊन लहान विद्युत् स्विच बंद होतो व मंडल पूर्ण होते. दोन शुष्क घटांच्या (एकूण ३ व्होल्ट) प्रवाहाने ज्वालकापाशी ठिणग्या पडतात आणि त्याच वेळी वायूची विद्युत्-चलित झडप उघडते. ज्योतीतील आयनीभूत वायू विद्युत् संवाहक असल्याने संवेदक सळईला ज्योत पेटल्याचे ‘कळते’. ती न पेटल्यास काही सेकंदांत झडप आपोआप मिटते. ज्योतीची उष्णता तांब्याच्या नळ्यांतील पाण्यास मिळते.

दोषनिदान : पाणी, वीज व वायू या तिन्ही गोष्टी याच क्रमाने तपासल्यास दोष लवकर सापडतो.

(१) ठिणगीच पडत नसेल, तर दोष पाण्यात किंवा विजेत असतो. प्रथम घट बदलून पाहावेत. नंतर पाण्याच्या प्रवेशमुखाशी असलेली जाळी साफ करावी. पाण्याची टाकी उपकरणापेक्षा साधारणपणे २ ते ३ मी. उंच नसेल, तर पटल उचलण्याइतका दाब मिळत नाही. एकमजली घराच्या गच्चीवर टेकवून ठेवलेल्या टाकीबाबत हा अनुभव वारंवार येतो.

(२) ठिणगी पडूनही ज्योत न पेटल्यास सिलिंडर रिकामा आहे काय, नियामक उघडा आहे काय व रबरी नळी दुमडली आहे काय ते पाहावे. नवा सिलिंडर जोडल्यावर नळीत हवा राहिल्यामुळे पहिले एकदोन प्रयत्न फुकट जातात.

(३) ज्योत पेटून लगेच विझत असेल, तर संवेदक सळईवर काजळी साचलेली असते, ती जागेवरून सरकलेली असते किंवा घट क्षीण झालेले असतात.

(४) निळ्याऐवजी पिवळी, काजळी धरणारी ज्योत ही ज्वलन अपुरे असल्याची खूण होय. ज्वालकात धूळ अथवा कोळ्याचे जाळे साचणे किंवा हवा कमी पडणे हे त्याचे कारण असते. असे उपकरण ताबडतोब बंद करावे.

(५) पाणी तापताना खदखदल्यासारखा आवाज येणे व प्रवाह मंदावणे हे नळ्यांत क्षार साचल्याचे लक्षण होय. टेंभुर्णी (ता. माढा, जि. सोलापूर) हे पुणे-सोलापूर महामार्गावरील गाव भीमेच्या खोऱ्यात, उजनी धरणाजवळ आहे. अशा बेसाल्टी प्रदेशातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी बहुधा कठीण असते. ते तापले की कॅल्शियम कार्बोनेटाचा थर नळ्यांत बसतो, म्हणून तेथे नळ्यांची नियमित सफाई आवश्यक ठरते.

जाळी व घट यांची देखभाल घरी करता येते. वायूची झडप, नियामक व ज्वालक यांची दुरुस्ती मात्र प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी.

धोके व दक्षता : मिनिटाला ६ लिटर पाणी २५° से.ने तापविण्यास सु. १२ किलोवॉट उष्णता व तासाला सु. १२ घ.मी. हवा लागते. २ मी. × १·५ मी. × २·५ मी. आकारमानाच्या स्नानगृहात ७·५ घ.मी. हवा असते. दारे-खिडक्या पूर्ण बंद असल्यास पंधरा मिनिटांत त्या हवेतील सु. दोन पंचमांश ऑक्सिजन जळून जातो. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो व वासही नसतो. हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट सहजतेने संयोग पावतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ यांमागोमाग माणूस बेशुद्ध होतो आणि दार उघडण्याचे भानही त्याला राहत नाही. सिलिंडरातील वायूला मिसळलेला उग्र वास केवळ गळती दर्शवितो, या विषारी वायूची सूचना तो देत नाही. उपकरण ‘चांगले चालत’ असतानाही म्हणूनच मृत्यू ओढवू शकतो. यास्तव जलतापक स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत केवळ गरम पाण्याची नळी न्यावी.

हा इंधनवायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी पेटवून कधीही तपासू नये. वास आल्यास नियामक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. विषबाधा झालेल्यास प्रथम मोकळ्या हवेत आणावे व विनाविलंब रुग्णालयात न्यावे.