पाळकपदाचा वाद

समलिंगी स्त्रीपुरुषांना पाळकपदाची दीक्षा द्यावी काय, या वादात खरा प्रश्न असतो तो शास्त्राचा अर्थ कोणी लावावयाचा हा. अमेरिकेतील युनायटेड मेथॉडिस्ट पंथाचेच उदाहरण आपण घेऊ. १९८४ साली त्याने अशा दीक्षेस बंदी घातली. बंदीवाले बायबलमधील वचनांवर बोट ठेवीत. विरोधक म्हणत, स्त्रियांना दीक्षा नाकारतानाही वचनेच पुढे केली जात होती. २०२४ साली शार्लट येथील परिषदेने ६९२ विरुद्ध ५१ मतांनी बंदी उठविली. पण तत्पूर्वी, २०१९ ते २०२३ या काळात, अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश स्थानिक मंडळ्या पंथ सोडून गेल्या होत्या. तेव्हा मने किती बदलली आणि मतदार किती बदलले, हा हिशेब वेगवेगळा मांडावयास हवा, असे आम्हांस वाटते.