“आपल्याकडं एक भारी स्टोरी आहे” म्हणणाऱ्यांचं पटकथालेखनात पुढं नेमकं काय होतं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला पोरगा असो, बँकेतला क्लार्क असो नाहीतर एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देणारा गडी असो. “आपल्याकडं एक भारी स्टोरी आहे, पिक्चर होऊ शकतो” असं म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच. हिरो कोण, इंटरव्हल कुठं, सगळं त्याच्या डोक्यात ठरलेलं असतं. फक्त कागदावर काही नसतं. लिहिलं का नाही असं विचारलं की उत्तर येतं, “कुणी ढापली तर?”

आता ही भीती खोटी नाही. पण नुसती डोक्यातली कल्पना कुणी उचलली, तर कायदा तिला वाचवायला येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तोही १९७८ सालचा.

झालं असं की, दिल्लीच्या आर. जी. आनंद या नाटककारांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्थानी’ नावाचं नाटक लिहिलं. एक घर पंजाबी, एक मद्रासी, दोन्हीकडची पोरं प्रेमात पडतात आणि प्रांताच्या अभिमानापायी घरचे आडवे येतात, असा विषय. दिग्दर्शक मोहन सहगल यांनी त्यात रस दाखवला, आनंद यांनी त्यांना नाटक ऐकवलंही. पुढं १९५६ मध्ये सहगल यांचा ‘न्यू दिल्ली’ आला. किशोरकुमार आणि वैजयंतीमाला, पंजाबी पोरगा आणि तमिळ पोरगी. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले आणि सिनेमा येऊन २२ वर्षं झाल्यावर सुप्रीम कोर्टातही हरले.

कोर्टानं सांगितलं की कल्पना, विषय, कथानकाचा ढाचा किंवा ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो मांडणीवर. म्हणजे ती कल्पना तुम्ही कोणत्या प्रसंगांतून, कोणत्या पात्रांतून, कशी उलगडली यावर. ‘न्यू दिल्ली’त प्रांतवाद होताच, पण परप्रांतीयाला घर भाड्यानं न देणं, हुंडा असे नाटकात नसलेले विषयही होते. त्यामुळं विषय सारखा असला तरी ती नक्कल ठरली नाही.

बरं, आनंद यांच्याकडं तर अख्खं लिहिलेलं, रंगमंचावर झालेलं नाटक होतं. मग ज्याच्याकडं फक्त चहा पिताना सांगितलेली गोष्ट आहे, त्याचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळं या धंद्यात पहिली पायरी एकच, लिहून काढणं. आणि लिहायचं म्हणजे कथा नाही, पटकथा. ‘त्याला फार वाईट वाटलं’ हे कथेत चालतं. पटकथेत ते दिसावं लागतं, कारण कॅमेऱ्याला वाटणं शूट करता येत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट असा ढोबळ हिशोब असतो. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला शंभर-सव्वाशे पानं. ती एकदा लिहून भागत नाही. चौथा-पाचवा ड्राफ्ट होईपर्यंत वर्ष कधी सरलं ते कळत नाही आणि नवख्याला या वर्षाचे पैसे कुणीही देत नाही.

लिहून झालं की ते नोंदवायचं. कायद्यानं बघितलं तर लिहिल्या क्षणीच कॉपीराइट तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण अमुक तारखेला हे लिखाण माझ्याकडं होतं, हे दाखवायला पुरावा लागतो. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना हे काम करते. नवख्यांनाही सभासद होता येतं आणि ऑनलाइन स्क्रिप्ट नोंदवता येते. स्क्रिप्ट पाठवताना ती मेलवर पाठवायची आणि मीटिंग झाली की ‘आज भेटून अमुक गोष्ट ऐकवली’ असा दोन ओळींचा मेल टाकायचा, हा सल्ला जुने लेखक देतात तो याच कारणासाठी.

इथून पुढं सुरू होतो खरा डोंगर, तो म्हणजे नॅरेशन.

आपल्याकडं स्क्रिप्ट वाचण्यापेक्षा ऐकण्याची पद्धत जास्त. निर्माता समोर बसणार, मधेच फोन घेणार आणि लेखकानं दोन तासांचा सिनेमा तोंडी उभा करायचा. घरात बसून उत्तम लिहिणारे कित्येक जण इथं गार पडतात, तर सुमार स्क्रिप्टवाला आवाजाच्या चढउतारावर मीटिंग मारून नेतो. हे अन्यायकारक आहे, पण आहे. मराठीत ज्यांच्या पाठीशी एकांकिकांचा अनुभव आहे त्यांना याचा फायदा होतो. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तिथून पुढं नाटक, मालिका, सिनेमा असं गेलेल्या लोकांची यादी मोठी आहे. त्यामागचं कारण साधं आहे. या पोरांनी आपलं लिखाण चालू असताना प्रेक्षक कुठं खोकतो, हे प्रत्यक्ष बघितलेलं असतं. शिवाय तिथं ओळखी होतात. बरोबरचा नट उद्या स्टार होतो, बरोबरचा दिग्दर्शक उद्या लेखक शोधत असतो. हे काम जाहिरात बघून अर्ज करून फार कमी वेळा मिळतं.

ज्यांचं घर महिन्याच्या कमाईवर चालतं त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा आहे मालिकांचा. तिथं काम वाटलेलं असतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी एपिसोडचे सीन एकेका ओळीत लिहिलेली ‘वनलाइन’ चॅनलकडून मंजूर होते, मग पटकथा, मग संवाद. पैसे एपिसोडमागे. मालिका आठवड्याला सहा दिवस असेल तर लेखकालाही आजारी पडायची सोय नाही. गुरुवारी टीआरपी आला की तीन आठवड्यांचा ठरलेला ट्रॅक रात्रीत बदलतो. आणि पैसे लगेच मिळत नाहीत. बिल दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी चेक येणं ही इथली नेहमीची गोष्ट, तोही व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापून. तो कापलेला पैसा परत मिळू शकतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं, हे अनेकांना दोन-तीन वर्षांनी कळतं.

नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका लिहिणाऱ्या मधुगंधा कुलकर्णी यांचीच कथा पुढं ‘एलिझाबेथ एकादशी’ या २०१४ च्या सिनेमाला होती आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच वळणावर आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे नाव गायब होणं. मोठ्या लेखकाच्या हाताखाली नवखा सीन लिहितो, पैसे थोडेफार मिळतात, पण टायटलमध्ये नाव नसतं. वर्षभर असं चाललं तर शिकायला मिळतं. पाच वर्षं चाललं तर पुढच्या निर्मात्याला दाखवायला हातात काहीच राहत नाही. आज ज्यांना लेखकांमधले सुपरस्टार म्हणतात त्या सलीम-जावेदनाही १९७३ मध्ये ‘जंजीर’च्या पोस्टरवर नाव नव्हतं म्हणून पेंटर लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घ्यावं लागलं होतं.

म्हणून करार. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच असावा लागतो. हक्क किती काळासाठी दिले ते लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जातात. आणि करारात वेगळं काही नसेल, तर हक्क घेऊन वर्षभर वापरले नाहीत की ते परत लेखकाकडं येतात. ऐकायला झकास. पण प्रत्यक्षात करार निर्मात्याचा वकील बनवतो आणि त्यात ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ हे शब्द आधीच टाकलेले असतात. उद्या कुणी सिनेमावर केस टाकली तर खर्च लेखकाचा, असंही एखादं कलम खाली बारीक अक्षरात सापडतं. २०१२ च्या दुरुस्तीनं थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क लेखकाला दिला, तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. तरी कागदावरचा हक्क आणि खात्यात जमा होणारे पैसे यांत अजून बरंच अंतर आहे.

कराराची फी हप्त्यांत असते. थोडे सही करताना, थोडे पहिल्या ड्राफ्टला, थोडे शेवटच्या ड्राफ्टला आणि उरलेले शूटिंग सुरू झाल्यावर. गोम त्या शेवटच्या हप्त्यात आहे. लिहिलेले बहुतेक सिनेमे शूटिंगपर्यंत जातच नाहीत. त्यामुळं करारातला आकडा आणि हातात पडलेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. जाणकार लेखक म्हणूनच जास्तीत जास्त पैसे ड्राफ्टच्या टप्प्यांवर मागून घेतात.

उलट दिशेनं पैसे मागणारेही आहेत. पाच दिवसांची कार्यशाळा, फी भरा, शेवटी ‘निर्मात्यासमोर नॅरेशनची संधी’. यातल्या सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण काम देण्यासाठी लेखकाकडूनच पैसे घेणारा निर्माता नसतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे. शिकायचंच असेल तर पुण्यात एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. एनएफडीसीची स्क्रीनरायटर्स लॅब आहे, ‘द लंचबॉक्स’ तिथूनच गेला होता. जागा मोजक्या असतात हे खरं.

आणि सगळं जमून आलं, स्क्रिप्टही चांगली असली तरी? परेश मोकाशी हे तोवर रंगभूमीवरचं परिचित नाव होतं. २००५ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वाचल्यावर त्यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लिहिली. निर्माता शोधण्यात तीनेक वर्षं गेली. शेवटी त्यांनी स्वतःची मालमत्ता गहाण ठेवून सिनेमा उभा केला. फाळक्यांनीही शंभर वर्षांपूर्वी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या, हा योगायोग वेगळाच. २००९ मध्ये हा सिनेमा भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेला आणि जानेवारी २०१० मध्ये सगळीकडं थिएटरला लागला. विषय सुचल्यापासून तोवर साडेचार-पाच वर्षं उलटली होती. गहाण ठेवायला काहीच नसलेल्यांच्या स्क्रिप्ट या काळात कुठं गेल्या, त्याची नोंद कुठंच सापडत नाही.