लंडनच्या बसमधला कंडक्टर आणि तुमचं हृदय

ड्रायव्हर आणि कंडक्टर. बस एकच, शिफ्ट सारखीच. मग हृदयविकार ड्रायव्हरलाच जास्त का?

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या हजारो कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५३मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. ड्रायव्हर दिवसभर बसून असायचे, तर कंडक्टर तिकिटं फाडत सतत जिना चढायचे-उतरायचे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी उशिरा.

शंका आलीच: ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या कंबरेची मापंही तपासली. ड्रायव्हरांच्या कंबरा खरंच मोठ्या होत्या, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडेना. पोस्टातही तेच दिसलं: टपाल वाटणाऱ्यांची हृदयं बैठं काम करणाऱ्यांपेक्षा सुदृढ!

मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करत आणि ९९ वर्षं जगले.

आज जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना सांगते:
✅ आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, उदा. झपझप चालणं
✅ दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम
✅ पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही, म्हणजे पडण्याचा धोका कमी

गुडघे साथ देत असतील तर आजपासून लिफ्ट सोडा, जिना धरा. आई-बाबांनाही ही पोस्ट नक्की पाठवा!