पुळियोदरै : देवळातला चिंचभात आणि घरातली बरणी

पुळियोदरै म्हणजे आटवलेला चिंचेचा कोळ, तिळाचे तेल आणि भाजलेल्या मसाल्याची पूड मोकळ्या भाताला लावून केलेला चिंचभात. तमिळनाडूत त्याला पुळियोदरै म्हणतात, कर्नाटकात पुळियोगरे, तर आंध्र-तेलंगणात पुळिहोरा. दक्षिणेतल्या विष्णुमंदिरांत दहीभात, पोंगल आणि हा चिंचभात नैवेद्यात नेहमीचेच. तिरुमलैला बालाजीच्या दर्शनाला जाणारा मराठी भाविक घरी परतताना लाडू आठवणीने आणतो. पण देवळाच्या आवारात द्रोणात मिळणारा पिवळसर, आंबट, तेलाने चकचकणारा भातही त्याच देवाचा प्रसाद असतो, आणि दक्षिणेतल्या कित्येक घरांत लाडवाइतकाच त्याचाही मान आहे.

या भाताचा विशेष असा की तो गरमागरम खाण्यासाठी केलेलाच नसतो. कालवल्यावर त्याला काही तास मुरू द्यावे लागते. सकाळी कालवलेला भात दुपारी अधिक चांगला लागतो आणि दुसऱ्या दिवशीही खाता येतो. शिजवणे आणि खाणे यांच्यात जिथे वेळ जातो, अंतर पडते, तिथे हा भात कामी येतो. देवळात त्याला जागा मिळाली ती यामुळे, आणि घरात मिळाली तीही यामुळेच.

देवळाचे स्वयंपाकघर म्हणजे मडपळ्ळी. आगमशास्त्राप्रमाणे, म्हणजे मंदिरपूजेच्या शास्त्राप्रमाणे, ते आग्नेय दिशेला, म्हणजे अग्नीच्या कोपऱ्यात असते. श्रीरंगमला पांचरात्र आगम चालतो, तिरुमलैला वैखानस. दोन्हींमध्ये नैवेद्य कोणी शिजवावा, कसा शिजवावा, कोणत्या वेळी दाखवावा याचे नियम आहेत. तिरुमलैच्या स्वयंपाकघराला पोटु म्हणतात. देवाच्या नैवेद्यावर त्याची आई वकुळामाता लक्ष ठेवून असते, अशी तिथली श्रद्धा आहे. सगळीकडे सारखा असलेला नियम एकच : देवाला दाखवण्याआधी पदार्थ चाखायचा नाही. मीठ कमी पडले की काय, आंबटपणा जास्त झाला का, हे जिभेने ठरवायची मुभा आचाऱ्याला नाही. मग चव टिकवायची कशी? ती मापाने टिकते. इतक्या तांदळाला इतकी चिंच, इतके मीठ, इतके तेल हे ठरलेले असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या घराण्यांच्या हाताला ते माप बसलेले असते. मंदिरातला पुळियोदरै वर्षानुवर्षे एकाच चवीचा लागतो, याचे श्रेय या शिस्तीला द्यायला हवे.

ही मापे किती काटेकोर होती, ते शिलालेखांवरून दिसते. तिरुमलै-तिरुपतीच्या देवस्थानात हजाराहून अधिक कोरीव लेख आहेत आणि त्यांतले बहुतेक विजयनगरच्या काळातले, पंधराव्या-सोळाव्या शतकातले आहेत. राजे, सरदार, व्यापारी, मठाधिपती देवाला जमीन किंवा रोख रक्कम देत. देवस्थान त्या पैशातून तळी आणि कालवे खोदून शेतीचे उत्पन्न वाढवी, आणि त्या उत्पन्नातून दात्याच्या नावाने रोजचा किंवा सणाचा नैवेद्य होई. लेखात नैवेद्याला लागणारे तांदूळ, तूप, मूग, मिरी, मीठ, दही यांची मापे दिलेली असतात. नैवेद्य झाल्यावर प्रसाद कोणाकोणाला वाटायचा, तेही ठरलेले असे. त्यातला चौथा हिस्सा साधारणपणे दात्याचा. तो आपला हिस्सा मठाला किंवा यात्रेकरूंच्या अन्नछत्राला देऊ शके. म्हणजे शिजलेले अन्न देवापासून भाविकापर्यंत पोचेतो बऱ्याच हातांतून जाई. अशा वाटपात दूधभात टिकणार नाही, वरणभातही टिकणार नाही. आंबट आणि तेलातला भात टिकतो.

या मापांतली मिरी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजच्या पुळियोदरैत लाल मिरची असते, पण मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आली. त्याआधी तिखटपणासाठी दक्षिणेत मुख्यतः मलबारची काळी मिरी होती. देवळांची स्वयंपाकघरे नव्या जिनसांना सहजी आत घेत नसत. बटाटा, टोमॅटो, कोबी यांना जुन्या वळणाच्या नैवेद्यात अजूनही थारा नाही, कांदा-लसणाचा तर प्रश्नच येत नाही. म्हणून काही मंदिरांत आजही मिरीचाच पुळियोदरै होतो. त्याचा तिखटपणा जिभेवर लगेच जाणवत नाही, मागून घशाशी उतरतो. पुष्कळ ठिकाणी मात्र मिरचीने आता हक्काची जागा मिळवली आहे. शेंगदाणाही अमेरिकेतलाच, घरच्या भातात तो हौसेने पडतो, जुन्या पद्धतीच्या देवळातल्या भातात बहुधा नसतो.

करण्याची रीत मंदिरात आणि घरात मुळात एकच आहे, आणि तिचे दोन भाग पडतात. पहिला भाग पुळिकाच्चलचा, म्हणजे आटवलेल्या कोळाचा. त्यासाठी जुनी, काळपट चिंच घेतात. नव्या चिंचेचा रंग फिका येतो आणि आंबटपणा बोचरा लागतो. पाव किलो तांदळाला मोठ्या लिंबाएवढा चिंचेचा गोळा गरम पाण्यात भिजत घालायचा आणि दाट कोळ काढून गाळून घ्यायचा. कढईत तिळाचे तेल सढळ हाताने घालून मोहरी तडतडवायची. मग हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या, हिंग, कढीलिंब आणि हळद. त्यावर कोळ ओतून मीठ घालायचे आणि मंद आचेवर आटवत बसायचे. सुरुवातीला तो पाण्यासारखा उकळतो. मग बुडबुडे जड होतात, फुटताना शिंतोडे उडतात आणि कच्च्या चिंचेचा वास जातो. शेवटी कोळ कढईच्या कडा सोडतो आणि तेल वर येऊन त्याच्याभोवती साचते. याच घडीला गुळाचा लहान खडा आणि मसाल्याची पूड घालायची. पुडीत मेथी, धणे आणि मिरच्या किंवा मिरी कोरडी भाजून कुटलेली असते. वेगळे भाजलेले काळे तीळ कुटून काही घरांत यातच घालतात, काही घरांत भात कालवताना वरून पेरतात. मेथीवर सगळी मदार आहे. ती बदामी रंगावर भाजली तर भाताला देवळातल्या प्रसादाचा वास येतो. जरा पुढे गेली की सगळी बरणी कडू.

दुसरा भाग भाताचा. तांदूळ नवा नको, कारण नव्या तांदळाचा भात गिचका होतो. शीत न् शीत सुटे राहील असा भात शिजवून तो परातीत पसरायचा, आणि गरम असतानाच त्यावर कच्चे तिळाचे तेल आणि चिमूटभर हळद घालायची. तेलाने प्रत्येक शिताला पातळ लेप बसतो आणि शिते एकमेकांना चिकटत नाहीत. भात निवला की पुळिकाच्चल थोडे थोडे घालत हलक्या हाताने कालवायचे. उलथन्याने ढवळले तर शिते मोडतात, म्हणून जुन्या बायका हातानेच कालवतात. भात झाकून ठेवला की आंबट, खारट आणि तेलकट अंश शितांत शिरतो. दोन-तीन तासांनी तो पानावर येतो.

भात टिकतो त्याची कारणे सरळ आहेत. साध्या शिजवलेल्या भातात ओल भरपूर आणि आंबटपणा नाही, त्यामुळे उष्ण हवेत जिवाणू लवकर वाढतात आणि भात विटतो. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. हे आम्ल इतक्या प्रमाणात फार थोड्या फळांत सापडते, आणि त्यामुळे होणाऱ्या आंबटपणात अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत. कोळ आटवला की त्यातले पाणी उडते, मीठ आणखी आधार देते. तिळाच्या तेलात निसर्गतः अशी द्रव्ये असतात की ते इतर पुष्कळ तेलांपेक्षा उशिरा खवट होते. म्हणून तेलाखाली राहिलेले पुळिकाच्चल, ओला चमचा न लावल्यास, बरणीत कित्येक आठवडे चांगले राहते. भांड्याचाही यात भाग आहे. चिंच तांब्या-पितळेला खाते, त्यामुळे कल्हई नसलेले भांडे चालत नाही. तमिळ घरांत यासाठी मऊ दगडाची कोरलेली कल्चट्टी वापरत. कोकणातल्या जुन्या घरांत आंबट कालवणाला दगडी लागे, ती याच जातीची.

प्रांत बदलला की चव बदलते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातले मेलुकोटे हे पुळियोगरेचे माहेरघर मानले जाते. वैष्णव आचार्य रामानुज यांचा काळ परंपरेने १०१७ ते ११३७ असा सांगतात. तमिळ प्रदेश सोडावा लागल्यावर ते होयसळ राज्यात आले, मेलुकोटेला काही वर्षे राहिले आणि तिथल्या चेलुवनारायण मंदिराची पूजाव्यवस्था त्यांनी घालून दिली. त्यांच्यामागून स्थिरावलेल्या वैष्णव अय्यंगार कुटुंबांची चूल आजही त्या डोंगरगावात पेटते, आणि दर्शनाला येणारा माणूस पुळियोगरे खाल्ल्याशिवाय सहसा खाली उतरत नाही. इथल्या भातात सुके खोबरे आणि तीळ असतात, गूळ जरा पुढे असतो, रंग ब्याडगी मिरचीचा गडद तांबूस. आंध्रातला पुळिहोरा याच्या उलट. हळदीने पिवळाधमक, हिरव्या मिरच्यांचा, मसाल्याची पूड जवळजवळ नसलेला. काही घरांत त्यात मोहरी वाटून घालतात, तेव्हा नाकात झणका बसतो. उगादी असो, नवरात्र असो, लग्न असो, तेलुगू घरात पुळिहोऱ्याशिवाय सणाचे पान वाढले जात नाही.

घरांमधला पुळियोदरै पंचांगाला बांधलेला आहे. पुरट्टासी महिन्यातल्या, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येणाऱ्या शनिवारी वैष्णव घरांत वेंकटेशाला तो दाखवतात. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, ऑगस्टच्या सुरुवातीला, कावेरीला नवे पाणी आलेले असते. त्या दिवशी नदीकाठची कुटुंबे चिंचभात, लिंबूभात, नारळभात आणि दहीभात डब्यांत भरून पाण्याकाठी जातात, नदीची पूजा करतात आणि तिथेच पंगत बसते. पोंगल सणाच्या दुसऱ्या दिवशी, कनूला, पुन्हा हेच भात. बहिणी भावांसाठी रंगीत भाताचे घास पाखरांना ठेवतात. गरोदर मुलीच्या ओटीभरणातही हे नाना चवींचे भात केले जातात.

आठवणी मात्र सगळ्यात दाट आहेत त्या प्रवासाच्या. तमिळ घरांत प्रवासाच्या शिदोरीला कट्टुसादम म्हणतात आणि तिच्यात दोन भात ठरलेले : आधी चिंचभात, मग दहीभात. तमिळ ब्राह्मणांच्या लग्नात वऱ्हाड परत निघताना मुलीकडचे लोक त्यांना शिदोरीची टोपली देतात, तिचे नाव कट्टुसादकूडै. पुळियोदरै, दहीभात आणि चटणीपूड लावलेल्या इडल्या तिच्यात असतातच. रेल्वेच्या लांब प्रवासात केळीच्या पानात बांधलेली पुडी गुडघ्यावर सोडली की सगळ्या डब्यात हिंग-मेथीचा वास पसरे. पान आचेवर धरून मऊ केलेले असे, म्हणजे बांधताना फाटत नाही. चोवीस तासांनंतरही भात तसाच सुटा असे, आणि पानाचा किंचित हिरवा वास त्याला लागलेला असे. दक्षिणेतल्या दोन-तीन पिढ्यांना आजोळच्या सुट्ट्या आठवतात त्या या पुडीसकट.

देवळात माप बोलते, घरात हात बोलतो. घरचा पुळियोदरै करणारी बाई चिंच मुठीने घेते, तेल नजरेने ओतते आणि कोळ झाला की नाही हे वासावरून सांगते. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन अय्यंगार घरांत दोन चवी असतात. कुठे गूळ अजिबात नाही, कुठे तिळाची पूड जास्त, कुठे मिरीचा हट्ट. घरातली म्हातारी गेल्यावर मुली-सुना त्याच बरणीची चव शोधत बसतात. ती कागदावर उतरवणे कठीण जाते, कारण सांगणारीने कधी मोजलेलेच नसते. अनेक घरांनी म्हणूनच शेवटच्या काळात आजीला चुलीपाशी बसवून, तिच्या मुठीतली चिंच काट्यावर तोलून मापे लिहून घेतली.

महाराष्ट्रात या भाताचा एक जुना मुक्काम मुंबईतल्या माटुंग्याचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रेल्वेत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी आलेली तमिळ कुटुंबे तिथे वसली, पुढे चेंबूर, मुलुंड, डोंबिवलीपर्यंत पसरली. त्यांच्या देवळांत उत्सवाला चिंचभाताचा प्रसाद मिळतो, आणि माटुंग्याच्या बाजारात केळीची पाने, तिळाचे तेल, जुनी चिंच, काळे तीळ हे सगळे सामान एका फेरीत हाती लागते.

तयार पुड्यांनी आता काम सोपे केले आहे. बंगळूरच्या १९२४ सालच्या मावळ्ळी टिफिन रूम्सच्या नावाने, म्हणजे एमटीआरच्या नावाने, निघणारी पुळियोगरे पूड देशभरच्या दुकानांत मिळते. कोरड्या चिंचेसह सारे तीत असते. तेल तापवून पूड परतायची आणि भातात मिसळायची. घाईच्या सकाळी हा भात डब्यात छान जातो. पण कोळ तासभर तेलात आटताना येणारा दाटपणा पुडीत येत नाही, आणि पूड लावलेला भातही मुरू दिल्यावाचून जमत नाही. त्यामुळे शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात दक्षिणेतल्या घरांतून आजही पुळिकाच्चलची बाटली जाते. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, आणि विमानात तेल सांडू नये म्हणून ती कपड्यांच्या मधोमध ठेवलेली. तिकडे मुलांना फक्त भात शिजवून निववायचा असतो.