गाइडला कोण शिकवणार?

नव्याने गाइडशिप मिळालेल्या आणि जुन्या-जाणत्या अशा दोन्ही प्राध्यापकांसाठी मी कार्यशाळा घेते. पहिल्या सत्रात प्रत्येकाला एक कोरा कागद देते आणि विचारते, ‘नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याकडून पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या काय अपेक्षा आहेत?’ सुरुवातीला पेनं भराभर चालतात. मेहनत, प्रामाणिकपणा, वाचन, वक्तशीरपणा. मग मी एकेक शब्द उचलून पुढचा प्रश्न टाकते. मेहनत म्हणजे शनिवारीही लॅबमध्ये यायचं का? प्रयोग फसला तर त्याच दिवशी सांगायचं की सोमवारच्या मीटिंगपर्यंत थांबायचं? पेपरचा मसुदा तुमच्या टेबलावर आला की तो किती दिवसांत परत मिळेल? पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हे कधी ठरतं? शेवटी विचारते, यातलं किती तुम्ही विद्यार्थ्याला तोंडी तरी सांगितलं आहे? हात फार थोडे वर होतात. विद्यार्थ्याला मात्र या सगळ्याचा अंदाज बांधत वर्षं काढावी लागतात, आणि अंदाज चुकला की ‘सिरियस नाही’ असा शिक्का बसतो.

ही पद्धत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला तयार झाली. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जो हँडल्समन, क्रिस्टीन फंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘एन्टरिंग मेंटॉरिंग’ ही पुस्तिका काढली. पदवीच्या विद्यार्थ्यांना लॅबमध्ये हाताखाली घेणाऱ्या पीएच.डी.च्या मुलांसाठी, पोस्टडॉकसाठी आणि प्राध्यापकांसाठी तिच्यात आठ आठवड्यांचं चर्चासत्र होतं. त्यात व्याख्यान जवळजवळ नाहीच. एखादा प्रसंग वाचायचा, स्वतःशी लिहायचं, गटात बोलायचं, आठवडाभर आपल्या लॅबमध्ये करून बघायचं आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचं. हे ‘करून बघणं’ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उत्तम गाइड कसा असावा यावर एक तास ऐकून कोणी बदलत नाही.

अपेक्षांच्या कागदावरून पुढे करार तयार होतो. तो कायद्याचा कागद नव्हे. एक-दोन पानांत दोघांनी मिळून लिहायचं, की भेट कधी, लॅबबुक कोण तपासणार, सुट्टी कशी मागायची, मतभेद झाला तर कोणाकडे जायचं. यावर ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: ‘मॅडम, आपल्याकडे हे विश्वासावर चालतं.’ मी त्यांना एवढंच सांगते, की विश्वास लागतोच, पण नाशिक-लातूरहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कोणी एम.एस्सी. झालेल्या मुलीला लॅबचे न बोललेले नियम सांगायला घरी कोणी नसतं. प्राध्यापकाच्या मुलाला ते जेवणाच्या ताटावर कळतात.

मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो आकलन तपासण्याच्या सत्राला. आपल्या लॅबमध्ये दिवसभर ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘समजलं ना?’ आणि त्याचं एकच उत्तर, ‘हो सर.’ सरांना ‘नाही’ म्हणायचं नसतं, हे मूल शाळेतच शिकलेलं असतं. म्हणून त्या सत्रापुरता हा प्रश्न बंद. तिघांचे गट करतो. एक जण गाइड, दुसरा विद्यार्थी, तिसरा नुसता निरीक्षक. विद्यार्थी झालेल्याला चिठ्ठी मिळते: तुला प्रयोगात ‘कंट्रोल’, म्हणजे तुलनेचा नमुना, कशासाठी ठेवला आहे ते कळलेलं नाही, पण तू ते कबूल करायचं नाहीस. गाइडने हे हुडकून काढायचं. निरीक्षकाने फक्त एवढंच बघायचं, की प्रश्न विचारल्यावर गाइड किती सेकंद थांबला.

बहुतेक जण थांबतच नाहीत. प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. आपल्या विषयात वाघ असलेली माणसं पाच सेकंदांची शांतता सोसू शकत नाहीत, हे निरीक्षकाच्या कागदावर दिसतं तेव्हा त्यांनाही ते नवं असतं. मग दुसरी फेरी. यावेळी सांगते, की विद्यार्थ्याला प्रयोगाची आकृती फळ्यावर काढायला लावा. उद्याचा आलेख कसा दिसेल ते आधीच हाताने काढायला सांगा. विचारा, ‘कोणता निकाल आला तर आपलं म्हणणं खोटं ठरेल?’ या शेवटच्या प्रश्नाला ‘हो सर’ असं उत्तर देताच येत नाही. कंट्रोलची गोची दोन मिनिटांत उघडी पडते, आणि कोणाचा अपमानही होत नाही.

स्वातंत्र्य देण्यावरचं सत्र याच्या मानाने अवघड. पिपेट केव्हा धरायची, हे सगळ्यांना येतं. विद्यार्थ्याच्या हातात देऊन मागे केव्हा सरायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं. अनुदानाची मुदत संपत आली की चांगला गाइडही प्रयोग स्वतः उरकतो. त्यामागची घाई मला कळते. पण त्या दिवशी निकाल मिळतो आणि शास्त्रज्ञ घडायचा राहतो.

गाइडमुळे किती फरक पडतो, याचं जुनं उदाहरण आपल्याकडेच आहे. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, आणि त्यांनी हट्ट धरल्यावर अटी घालून घेतलं. त्याच संस्थेत एम. श्रीनिवासय्या यांनी त्यांना जीवरसायनशास्त्रातलं संशोधन कसं करायचं ते शिकवलं. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. संस्था एकच, वर अडवणारा मोठा शास्त्रज्ञ आणि बेंचशेजारी उभा राहणारा शिक्षक, दोघेही तिथेच. नोबेल मिळालं म्हणून माणूस शिष्य घडवायला आपोआप शिकत नाही, हे आपण नव्वद वर्षांपूर्वीच बघितलं आहे. तरी आजही आपण मुलांना सांगतो, ‘चांगला गाइड मिळाला, नशीब काढलंस.’

हे नशिबावर सोडायचं कारण नाही, याला पुरावाही आहे. अमेरिकेत १६ संस्थांमधल्या २८३ मार्गदर्शक-शिष्य जोड्यांवर अशा प्रशिक्षणाची यादृच्छिक चाचणी झाली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षण घेतलेल्यांचं मार्गदर्शनाच्या कौशल्यातलं स्वतःचं मूल्यमापन न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारलं. स्वतःच स्वतःला दिलेले गुण जपूनच वाचावेत, तरी आठ तासांच्या प्रशिक्षणातून एवढं हाती लागणं थोडं नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. गाइड होण्यासाठी पीएच.डी. हवी आणि शोधनिबंध हवेत: सहायक प्राध्यापकाला किमान ३, वरच्यांना किमान ५. त्याच नियमांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं आहे. त्याला मार्गदर्शन करणाऱ्याने मात्र एक तासही काही शिकावं, अशी अट नाही. विद्यापीठांनी गाइडशिपची मान्यता देण्याआधी आठ तासांचं असं प्रशिक्षण सक्तीचं करावं. त्याला एक खोली, फळा, कागद आणि दोन तयार प्रशिक्षक लागतात; आयोगाच्या आदेशाची वाट न पाहता कोणत्याही विद्यापीठाला हे येत्या सत्रापासून सुरू करता येईल.